वेबवरच्या तक्त्यातून तारखांची नीट यादी: अंदाज यंत्रावर सोडू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वेबपानावर पौर्णिमांच्या तारखांचा तक्ता आहे. डावीकडे वर्षं, वर बारा महिने आणि आतल्या सेलमध्ये फक्त दिवसाचा आकडा. एखाद्या महिन्यात दोन पौर्णिमा असतील तर मध्ये तिरपी रेघ देऊन दोन आकडे, काही आकड्यांना तळटिपेची खूण, एखादा सेल मोकळा. हे स्प्रेडशीटमध्ये चिकटवलं की भलतंच काहीतरी दिसतं. हवं आहे ते एवढंच: एका कॉलममध्ये एकाखाली एक पूर्ण तारखा, ज्या क्रमाने लागतील, ज्यांच्यातलं अंतर मोजता येईल आणि ज्या कॅलेंडरमध्ये भरता येतील.

असं काम मी रोज करतो, म्हणून सविस्तर लिहितो. तक्ता पौर्णिमांचा असो, परीक्षांचा असो, सुट्ट्यांचा असो की सामन्यांचा, अडचणी त्याच असतात.

आधी मूळ गोष्ट. तारखेचे तीन भाग असतात: वर्ष, महिना, दिवस. तुमच्या तक्त्यात हे तिन्ही भाग आहेत, पण तीन वेगळ्या ठिकाणी. वर्ष ओळीच्या सुरुवातीला, महिना कॉलमच्या माथ्यावर, दिवस सेलमध्ये. माणूस तक्ता वाचताना डोळ्यांनीच हे तिन्ही जोडतो. यंत्राला हातात फक्त सेल मिळतो, आणि सेलमध्ये जे दिसेल त्यावरून ते उरलेल्या भागांचा अंदाज बांधतं. तुमच्या सगळ्या तक्रारींचं मूळ या अंदाजात आहे. म्हणून माझा नियम एकच: शेवटच्या पायरीपर्यंत सगळा मजकूर टेक्स्ट म्हणून ठेवायचा, तिन्ही भाग आपण स्वतः एका ओळीत आणायचे, आणि तारीख एकदाच, आपल्या हाताने बनवायची.

तुमच्या तक्त्यातल्या तीन ओळी पुढच्या विवेचनासाठी समोर ठेवू. काही महिनेच घेतो, आणि मोकळा सेल इथे ‘–’ ने दाखवतो:

२०१८ | जाने. २[१]/३१ | फेब्रु. – | मार्च २/३१ | एप्रिल ३० | … | डिसें. २२
२०१९ | जाने. २१ | फेब्रु. १९ | मार्च २१ | एप्रिल १९ | … | डिसें. १२
२०२० | जाने. १० | फेब्रु. ९ | मार्च ९ | एप्रिल ८ | … | ऑक्टो. १/३१ | … | डिसें. ३०

चिकटवतानाच काय बिघडतं

मार्च २०१८ चा सेल बघा. त्यात ‘२/३१’ आहे, म्हणजे २ तारीख आणि ३१ तारीख. एक्सेलला साध्या पद्धतीने दिलं तर ते याला ‘दुसरा महिना, एकतीस साल’ समजतं आणि १ फेब्रुवारी १९३१ किंवा १ फेब्रुवारी २०३१ अशी तारीख करून ठेवतं. कुठलं शतक ते यंत्राच्या सेटिंगवर. ऑक्टोबर २०२० चा ‘१/३१’ आणखी वाईट. महिना आधी लिहिण्याची सेटिंग असेल तर त्याचं चालू वर्षातलं ३१ जानेवारी होतं. सेलमध्ये आता मूळ मजकूर नाहीच, आतमध्ये फक्त एक दिवसक्रमांक आहे. नंतर फॉरमॅट बदलून टेक्स्ट केलात तरी पाच आकडी संख्या दिसेल, ‘१/३१’ परत येणार नाही.

हा त्रास फक्त तुम्हाला होतो असं नाही. मानवी जनुकांची काही संक्षिप्त नावं महिन्यांच्या नावांसारखी दिसायची आणि एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. प्रकाशित शोधनिबंधांच्या जोडपत्रांत इतक्या चुका साठल्या की जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये ती नावंच बदलली. पुढे २०२३ मध्ये एक्सेलमध्ये आपोआप होणारं हे रूपांतर बंद करायची सोय आली. पण ती सोय अक्षरं आणि आकडे जोडून आलेल्या नावांपुरती आहे, ‘२/३१’ सारख्या मजकुराचं रूपांतर तिने थांबत नाही.

म्हणून कोरं शीट घ्या, संपूर्ण शीट निवडा, सेलचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा आणि मगच पेस्ट करा. पेस्टच्या पर्यायांत ‘मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग’ निवडा. गूगल शीट्समध्ये ‘फॉरमॅट’ मेनूतून ‘प्लेन टेक्स्ट’ लावून घ्या आणि फक्त मूल्यं पेस्ट करा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी पेस्ट आणि मग टेक्स्ट, तर उपयोग शून्य.

पॉवर क्वेरी या एक्सेलमधल्याच, माहिती आणून साफ करायच्या साधनातून थेट पानाचा पत्ता देऊन तक्ता आणत असाल तर ‘चेंज्ड टाइप’ नावाची पायरी ती स्वतःहून घालते. ती उजवीकडच्या यादीतून काढून टाका. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीचं ‘रीड एचटीएमएल’ (पानातले तक्ते वाचणारं फंक्शन) वापरत असाल तर एक वेगळी गंमत नजरेस पडेल: फेब्रुवारीच्या कॉलममध्ये एक सेल रिकामा असल्यामुळे तो पूर्ण कॉलम दशांशाचा होतो आणि १९ चं ‘१९.०’ होतं. पुढे नको असलेली चिन्हं काढताना तो टिंब उडाला की १९० उरतं. म्हणून प्रत्येक कॉलमला कन्व्हर्टर देऊन तो स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणूनच वाचायला सांगा.

आणि पहिलं शीट, जसं आलं तसं, कुलूप लावून बाजूला ठेवा. त्याच्या नावात पान कधी उतरवलं ती तारीख घाला. पुढची सगळी कामं त्याच्या प्रतीवर. वेबपानं बदलतात, आणि तीन महिन्यांनी कुणी विचारलं की ही तारीख कुठून आली, तर दाखवायला हेच शीट असतं.

तळटिपेची खूण

हा भाग छोटा वाटतो, पण सगळ्यात घातक हाच आहे. वेबपानावर तळटिपेची खूण बहुतेक वेळा आकड्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात असते. काही पानांवर ती चौकटी कंसात असते, तिथे आपण बचावतो. ‘२[१]’ मधला कंसातला भाग काढणं सोपं आहे. पण कंस नसेल तर साध्या मजकुरात ती खूण शेजारच्या आकड्याला चिकटते. ‘३१’ वर २ ची खूण असेल तर ‘३१२’ होतं. ते लगेच लक्षात येतं, कारण ३१२ तारीख नसते. पण जानेवारी २०१८ मधल्या ‘२’ वर १ ची खूण असेल तर ‘२१’ होतं. २१ जानेवारी ही अगदी रास्त तारीख आहे. कुठलंही सूत्र, कुठलाही फिल्टर तिला अडवणार नाही.

म्हणून ही खूण कॉपी करण्याआधीच काढायची. ब्राउझरमध्ये पानाचं ‘इन्स्पेक्ट’ उघडून वर चढवलेल्या अक्षरांचे सगळे टॅग पुसता येतात. कन्सोलमध्ये एका ओळीचं काम आहे. पायथनमध्ये ब्यूटिफुल सूप या वेबपान वाचणाऱ्या लायब्ररीने ते टॅग आधी काढून टाका आणि उरलेलं पान ‘रीड एचटीएमएल’ला द्या. यातलं काहीच जमत नसेल तर मूळ पान शेजारी उघडं ठेवून खुणा असलेले सेल हाताने तपासा. अशा खुणा सहसा मोजक्याच असतात, आणि त्या बघताना तळटिपा वाचूनही होतात. तळटीप वाचणं गरजेचंच आहे. ‘ही तारीख बदलण्याची शक्यता आहे’ किंवा ‘स्थानिक वेळेनुसार दुसऱ्या दिवशी’ अशी माहिती तिथेच असते, आणि आपण खूण पुसली की तीही गेली. त्यासाठी यादीत ‘टीप’ नावाचा एक कॉलम ठेवा.

मोकळा सेल म्हणजे काय

वेब तक्त्यांत दोन-तीन ओळींना मिळून वर्ष एकदाच लिहिलेलं असतं. चिकटवल्यावर पहिल्या ओळीत वर्ष येतं, खालच्या ओळी रिकाम्या राहतात. तिथे वरचं मूल्य खाली ओढायचं, पॉवर क्वेरीत यालाच ‘फिल डाउन’ म्हणतात. एक बारकावा: पॉवर क्वेरी फक्त खरोखर रिक्त सेल भरते. सेलमध्ये शून्य लांबीचा मजकूर असेल तर ती त्याला भरलेला समजून सोडून देते, म्हणून आधी अशा सेलच्या जागी ‘नल’ (खरोखर रिक्त मूल्य) घालून घ्या. पांडाजचं ‘रीड एचटीएमएल’ जोडलेले सेल स्वतःच सगळ्या ओळींत पसरवतं, तिथे हा प्रश्न येत नाही.

पण हे खाली ओढणं फक्त वर्षाच्या कॉलमला लावा. सबंध तक्ता निवडून फिल डाउन केलं की फेब्रुवारी २०१८ चा मोकळा सेलही वरच्या ओळीतल्या मूल्याने भरून जाईल. आणि तो सेल मोकळा असणंच बरोबर आहे. जागतिक प्रमाणवेळेनुसार २०१८ मध्ये ३१ जानेवारीनंतरची पौर्णिमा थेट २ मार्चला होती, फेब्रुवारीत एकही नव्हती. इथला मोकळा सेल म्हणजे ‘नाही’, वर्षाच्या कॉलममधला मोकळा सेल म्हणजे ‘वरच्यासारखंच’. कुठला कोणता, हे फक्त तक्ता समजून घेणाऱ्या माणसाला ठरवता येतं. डॅश, ‘लागू नाही’, प्रश्नचिन्ह यांचंही तसंच: त्यांचा अर्थ आधी ठरवा आणि मग एकाच पद्धतीने रिक्त करा.

लांब तक्त्यांत महिन्यांची शीर्षकं मधूनमधून पुन्हा येतात आणि तळाशी बेरजेची ओळ असते. वर्षाच्या कॉलममध्ये चार आकडी वर्ष नसलेल्या सगळ्या ओळी गाळा, दोन्ही जातील.

आडवं ते उभं

आता मुख्य काम. पॉवर क्वेरीत वर्षाच्या कॉलमवर उजवी टिचकी मारा आणि ‘अनपिव्हॉट अदर कॉलम्स’ घ्या. तीन कॉलम मिळतात: वर्ष, महिना, दिवसाचा मजकूर. खरोखर रिक्त सेल या पायरीत आपोआप गळतात, म्हणजे फेब्रुवारी २०१८ ची ओळ येतच नाही. मग दिवसाच्या कॉलमला ‘स्प्लिट कॉलम’ लावा, विभाजक तिरपी रेघ द्या आणि प्रगत पर्यायांत ‘कॉलम्स’ऐवजी ‘रोज’ निवडा. ‘२/३१’ च्या दोन ओळी होतात, वर्ष आणि महिना दोन्हीकडे सोबत येतो. हा ‘रोज’चा पर्याय पुष्कळांना माहीत नसतो, आणि मग लोक दिवस१, दिवस२ असे कॉलम करून पुन्हा जोडत बसतात.

पायथनमध्ये हेच ‘मेल्ट’, मग स्ट्रिंगचं ‘स्प्लिट’, मग ‘एक्स्प्लोड’. ‘मेल्ट’ मोकळे सेल गाळत नाही, ते नंतर ‘ड्रॉपएनए’ने काढा.

गूगल शीट्समध्ये अनपिव्हॉटची थेट सोय नाही, पण युक्ती चांगली आहे. आधी फाइंड-रिप्लेसने सगळ्या तिरप्या रेघांच्या जागी अर्धविराम करून घ्या. मग ‘ॲरेफॉर्म्युला’मध्ये वर्षाचा कॉलम, उभी रेघ, महिन्यांची ओळ, पुन्हा उभी रेघ आणि आतला सगळा भाग अँपरसँडने (&) जोडा. प्रत्येक सेलमध्ये ‘२०१८|३|२;३१’ अशी साखळी तयार होते. तिच्यावर ‘फ्लॅटन’ लावलं की सगळ्या साखळ्या एका कॉलममध्ये एकाखाली एक येतात, आणि बाहेरून ‘स्प्लिट’ लावलं की तीन कॉलम वेगळे होतात. अर्धविराम असलेल्या ओळीच्या दोन ओळी करणं आणि दिवस नसलेली ओळ गाळणं मात्र इथे वेगळं करावं लागतं. तिरपी रेघ आधी बदलायची याचं कारण ‘स्प्लिट’ तुकडे पाडताना आकड्यासारखं दिसेल त्याचा आकडा करून टाकतं. ‘२/३१’ सारखं काही त्याच्या हाती लागू देऊ नये. एक्सेलच्या नव्या आवृत्तीत ‘टोकॉल’ साखळ्या एका कॉलममध्ये आणतं, आणि ‘टेक्स्टस्प्लिट’ ओळीओळीला लावलं की तुकडे पाडतं.

या टप्प्यावर थांबा आणि मोजा. तीन वर्षांचे ३६ सेल. एक मोकळा, म्हणजे भरलेले ३५. त्यातले तीन सेल दोन आकड्यांचे: जानेवारी २०१८, मार्च २०१८, ऑक्टोबर २०२०. म्हणजे यादीत ३८ ओळी असल्याच पाहिजेत. ३७ किंवा ३९ आल्या तर पुढे जाऊ नका. मूळ तक्त्यातून येणारी ही संख्या आणि यादीतल्या ओळी जुळवणं हे एका मिनिटाचं काम आहे, आणि मी ते कधीही सोडत नाही.

न दिसणारी अक्षरं

दिवसाच्या मजकुरात डोळ्यांना ‘३१’ दिसतं पण लांबी मोजणारं ‘लेन’ सूत्र ३ म्हणतं, असं हमखास होतं. वेबपानांवर ओळ तुटू नये म्हणून एक वेगळी मोकळी जागा वापरतात, तिचा क्रमांक १६०. स्पेसबारने येणाऱ्या जागेचा क्रमांक ३२. एक्सेलचं ‘ट्रिम’ ३२ काढतं, ‘क्लीन’ ० ते ३१ काढतं, आणि १६० दोघांच्या हातून निसटते. तिला ‘सब्स्टिट्यूट’ने नाव घेऊनच काढावं लागतं. पायथनचं ‘स्ट्रिप’ ती दोन्ही टोकांवरून काढतं, पण शून्य रुंदीची जागा, क्रमांक ८२०३, त्यालाही सापडत नाही. मराठी पानांवर जोडाक्षरांसाठी वापरलेली अदृश्य चिन्हं, ८२०४ आणि ८२०५, महिन्यांच्या नावांत लपलेली असतात. दोन सेलमध्ये ‘ऑक्टोबर’ हुबेहूब सारखं दिसतं पण तुलना केली की वेगळं निघतं. शंका आली की शेवटचं अक्षर ‘राइट’ने काढून त्यावर ‘युनिकोड’ सूत्र लावा. क्रमांक दिसला की काय काढायचं ते कळतं.

दिवसाच्या कॉलमसाठी मात्र मी एकेक चिन्ह शोधत बसत नाही. नको ते काढण्यापेक्षा हवं तेवढंच ठेवतो: कंसातल्या टिपा आधी अख्ख्या काढायच्या, मग आकडा नसलेलं प्रत्येक अक्षर रेजेक्सने, म्हणजे नमुना देऊन मजकूर शोधायच्या पद्धतीने, उडवायचं. हा क्रम महत्त्वाचा. आधी ‘आकडेच ठेवा’ केलं तर ‘२[१]’ चं पुन्हा २१ होतं.

तक्त्यात देवनागरी आकडे असतील तर ते सगळ्याच्या आधी इंग्रजी आकड्यांत बदला. पायथन देवनागरी ‘३१’ ला मुकाट्याने ३१ मानतं, तिथे रेजेक्समधली आकड्याची खूणही त्यांना ओळखते. जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या भाषेतली तीच खूण फक्त ० ते ९ हे इंग्रजी आकडे ओळखते, आणि ‘शून्य ते नऊ सोडून सगळं काढा’ असं म्हटलं की देवनागरी तारखा अख्ख्या पुसल्या जातात. दहा अदलाबदलींचं काम आहे, ते आधी उरका.

महिन्यांच्या नावांसाठी यंत्राच्या भाषा-सेटिंगवर अवलंबून राहू नका. बारा महिन्यांचा एक छोटा तक्ता करा: एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला क्रमांक. ‘जाने.’, ‘जानेवारी’, ‘फेब्रु.’, ‘फेब’ अशी जी जी रूपं तुमच्या पानावर आहेत ती सगळी त्यात घाला आणि ‘व्हीलुकअप’ने क्रमांक घ्या. इंग्रजी पानांवर सप्टेंबरचं चार अक्षरी संक्षेप पुष्कळदा असतं, आणि पायथनचं तारीख-वाचन तिथे तीनच अक्षरं अपेक्षित धरतं. बाकी अकरा महिने नीट वाचले जातात आणि सप्टेंबर तेवढा गळतो. स्वतःचा तक्ता असला की असं रूप लगेच ‘सापडलं नाही’ म्हणून समोर येतं.

तारीख बनवणं

आता प्रत्येक ओळीत वर्ष, महिना, दिवस असे तीन शुद्ध आकडे आहेत. एक्सेल आणि शीट्समध्ये ‘डेट’ सूत्राला ते याच क्रमाने द्या. मजकूर जोडून त्यावर ‘डेटव्हॅल्यू’ लावू नका, तिथे पुन्हा सेटिंगप्रमाणे अंदाज सुरू होतो.

‘डेट’ सूत्राच्या दोन सवयी माहीत हव्यात. पहिली: अशक्य दिवस दिला तरी ते तक्रार करत नाही, पुढे सरकतं. २०१९, २, ३० दिलं तर निमूटपणे २ मार्च २०१९ देतं. म्हणून शेजारच्या कॉलममध्ये बनलेल्या तारखेतून ‘डे’ने दिवस पुन्हा काढा आणि मूळ दिवसाशी जुळवा, न जुळणारी ओळ म्हणजे चुकलेला सेल. पायथनचं डेटटाइम इथे सरळ चूक दाखवून थांबतं. दुसरी सवय: १९०० च्या आधीचं वर्ष दिलं तर ते त्यात १९०० मिळवतं. १८५० चं ३७५० होतं. जुन्या तारखांची यादी करायची असेल तर स्प्रेडशीटच्या तारखा वापरू नका. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने टेक्स्टच ठेवा. चार आकडी वर्ष, दोन आकडी महिना, दोन आकडी दिवस असं लिहिलं की टेक्स्ट म्हणूनही क्रम बरोबर लागतो. आयएसओ ८६०१ हे मानक याच मांडणीचं आहे, आणि मी अंतिम यादी नेहमी याच रूपात देतो.

तुमच्या तक्त्यात नाही, पण पूर्ण तारखा ‘०५/०६/२०१९’ अशा असतील तर काय, हेही सांगून टाकतो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं. पानावर दिवस आधी आणि यंत्राची सेटिंग महिना आधी, अशी गाठ पडली की १३ ते ३१ हे दिवस यंत्राला कळत नाहीत आणि टेक्स्ट म्हणून डाव्या बाजूला चिकटून राहतात. १ ते १२ हे दिवस मात्र ते आनंदाने तारखा करतं, उजव्या बाजूला लावतं, आणि दिवस-महिना उलटे करून ठेवतं. बघणाऱ्याला वाटतं की डावीकडच्या चुकल्या आणि उजवीकडच्या बरोबर. मग तो डावीकडच्या तेवढ्या दुरुस्त करतो. खरं तर डावीकडच्या शाबूत आहेत आणि उजवीकडच्या बिघडल्या आहेत. वर्षातल्या १४४ तारखांना दिवस आणि महिना दोन्ही १२ च्या आत असतात; त्यातल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा १२ उलटवल्या तरी त्याच राहतात, बाकी १३२ चुकतात. यावर शेजारी कॉलम घालून पुन्हा उलटवण्याचे उपाय लोक सांगतात. मी सांगेन की ते शीट टाकून द्या आणि पुन्हा टेक्स्ट म्हणून आणा. पॉवर क्वेरीत ‘युझिंग लोकॅल’ हा पर्याय घेऊन पानाची पद्धत कुठली ते स्पष्ट सांगता येतं. पांडाजमध्ये ‘टू डेटटाइम’ला फॉरमॅट पूर्ण लिहून द्या. ‘डेफर्स्ट’ हा पर्याय पुरेसा नाही; तो सक्तीचा नाही, न जमल्यास उलटं वाचून मोकळा होतो.

तपासणी, विषयाच्या आतून

यादी तयार झाली. आता ती खरी आहे का? याला सर्वसाधारण उत्तर नाही. ज्या गोष्टीच्या तारखा आहेत तिचा स्वतःचा नियम शोधा. पौर्णिमांचा नियम सुरेख आहे. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस, त्यामुळे लागोपाठच्या दोन तारखांमध्ये २९ किंवा ३० दिवसच असू शकतात. यादी क्रमाने लावा, शेजारी ‘ही तारीख वजा वरची तारीख’ असा कॉलम घाला. २०१८ ची यादी अशी दिसायला हवी:

२ जाने., ३१ जाने., २ मार्च, ३१ मार्च, ३० एप्रिल, २९ मे, २८ जून, २७ जुलै, २६ ऑगस्ट, २५ सप्टें., २४ ऑक्टो., २३ नोव्हें., २२ डिसें.

अंतरं: २९, ३०, २९, ३०, २९, ३०, २९, ३०, ३०, २९, ३०, २९. पुढच्या वर्षाच्या २१ जानेवारीपर्यंत पुन्हा ३०.

आता तळटीप चिकटून २ चं २१ झालं असतं तर? २१ ते ३१ जानेवारी हे अंतर १० आलं असतं. एखादा दुसरा आकडा गळला असता तर ५९ किंवा ६० दिसलं असतं. कुठल्याही सूत्राने न पकडलेली चूक या एका कॉलममध्ये उघडी पडते.

दुसऱ्या विषयांना दुसरे नियम. साप्ताहिक गोष्ट असेल तर वार एकच हवा. तिमाहीच्या अखेरच्या तारखा असतील तर पुढचा दिवस १ तारीख हवा. आणि तक्त्यात वार लिहिलेला असेल तर तो निरुपयोगी समजून काढून टाकू नका. तारखेवरून वार काढा आणि लिहिलेल्या वाराशी ताडून बघा. दिवस-महिना उलटलेल्या, वर्ष चुकलेल्या बहुतेक ओळी तिथेच सापडतात. वर्ष दिलेलंच नसेल, नुसतं ‘शुक्रवार, १४ मार्च’ असेल, तर वारावरून वर्षही ओळखता येतं: १४ मार्चला शुक्रवार २०२५ मध्ये होता, त्याआधी २०१४ मध्ये. मधल्या वर्षांत नाही.

‘१२ ते १४ मार्च’ सारखे कालावधी असतील तर आधी ठरवा की प्रत्येक दिवसाची वेगळी ओळ हवी की सुरुवात आणि शेवट असे दोन कॉलम. कॅलेंडरसाठी दुसरं बरं, सुट्टी आहे की नाही हे पडताळायला पहिलं. मधली रेघ बहुधा साधी नसते, क्रमांक ८२११ ची लांब रेघ असते, तीही बदलून घ्या. ‘३० डिसेंबर ते २ जानेवारी’ अशा ओळीत शेवटचा महिना सुरुवातीच्या महिन्यापेक्षा लहान असेल तर शेवटच्या वर्षात एक मिळवा.

कुठल्या वेळेनुसार

हे विचारायचं राहून जातं. पौर्णिमा हा एक क्षण असतो, तारीख आपण त्याला नंतर लावतो. २७ जुलै २०१८ ची पौर्णिमा, ज्या रात्री खग्रास चंद्रग्रहणही होतं, जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्री ८ वाजून २० मिनिटांनी होती. जिथलं घड्याळ त्या वेळेच्या चार किंवा जास्त तास पुढे आहे तिथे तेव्हा २८ जुलै लागली होती. २ मार्चची पौर्णिमा पहाटे ० वाजून ५१ मिनिटांची. एक तास किंवा अधिक मागे असलेल्या ठिकाणी ती १ मार्चची. म्हणून दोन पानांवरचे तक्ते एका दिवसाने वेगळे दिसले तर लगेच कुणाला चूक ठरवू नका. पानावर वेळ कुठली ते शोधा आणि यादीच्या माथ्यावर लिहून ठेवा. दोन स्रोतांची सरमिसळ करून एक यादी बनवायची असेल तर दोन्हींची वेळ एक केल्याशिवाय करू नका. अंतराची तपासणी इथे नेहमीच मदतीला येणार नाही: एक दिवस सरकलेली तारीखही पुष्कळदा २९-३० मध्येच बसते.

यादी बाहेर देताना

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साध्या मजकुराची) फाईल करत असाल तर आयएसओ रूपातला टेक्स्ट द्या, आणि ती फाईल पुन्हा एक्सेलमध्ये दोन टिचक्या मारून उघडू नका. तसं उघडून जतन केलं की एक्सेल तारखा आपल्या पद्धतीने लिहून ठेवतं. ‘डेटा’ मेनूतून टेक्स्ट फाईल आयात करा आणि तारखेचा कॉलम टेक्स्ट ठेवा.

वेबपानावर दाखवणार असाल तर जावास्क्रिप्टकडे नुसती ‘२०१८-०१-०२’ अशी तारीख देऊ नका. ते तिला जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र मानतं, आणि मागे असलेल्या ठिकाणच्या वाचकाला १ जानेवारी दिसते. वर्ष, महिना, दिवस वेगळे द्या. मात्र तिथे महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे ०.

कॅलेंडरसाठी आयसीएस (कॅलेंडरच्या नोंदी आयात करायची) फाईल करताना नोंद ‘पूर्ण दिवसाची’ ठेवा, म्हणजे वेळ न देता फक्त तारीख. मध्यरात्रीची वेळ घातलीत तर प्रवासात फोनचं घड्याळ बदललं की नोंद आदल्या दिवशी सरकू शकते. आणि त्या फाईलमध्ये शेवटची तारीख मोजली जात नाही: २ जानेवारीच्या एका दिवसाच्या नोंदीला सुरुवात २ जानेवारी, शेवट ३ जानेवारी लिहावा लागतो. १२ ते १४ मार्चच्या नोंदीचा शेवट १५ मार्च. सगळी यादी आयात करण्याआधी एक रिकामं वेगळं कॅलेंडर बनवा आणि तिथे भरा. काही चुकलं तर ते अख्खं कॅलेंडर पुसून पुन्हा भरता येतं, तुमच्या रोजच्या नोंदींना धक्का लागत नाही.